दारातली उखडलेली कड

आमचे घर खेड तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. जुने, चिऱ्याचे, वर कौले. ओटा चढून आत आले की पहिली जागा लागते ती सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब. तिला बैठकीची खोली म्हणावे एवढी ती मोठी नाही. आम्ही तिला नुसते 'दारात' म्हणतो. चपला दारात काढायच्या, छत्र्या दारात टेकवायच्या, मुलांची दप्तरे दारात पडायची. पाहुणा सलाम करतो तोही इथेच आणि जाताना "आता या घरी" म्हणून अर्धा तास उभा राहतो तोही इथेच. 2003 साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा माझे पहिले पाऊल इथेच पडले. 2014 साली माझ्या मरहूम सासऱ्यांचा जनाजा उठला तोही याच जागेतून.

या जागेवर गेली बावीस वर्षे व्हिनाइल अंथरलेले होते. तपकिरी आणि पिवळसर चौकटींचे, लांबून पाहिले तर फरशी वाटावी असे. गावात कोणी त्याला रेक्झिन म्हणे, कोणी प्लास्टिकची सतरंजी म्हणे. आमच्या घरात मात्र त्याचे नाव 'कुवेतची जमीन'. ते कुवेतचे नव्हतेच. सासरे 2001 मध्ये कायमचे परत आले, तेव्हा मुंबईत उतरल्यावर त्यांनी तो गुंडा विकत घेतला आणि एसटीच्या टपावर बांधून गावी आणला. खाली जुना लाल कोबा होता. त्यावर सोल्युशन लावून त्यांनी स्वतःच्या हाताने ते चिकटवले. त्या काळी आमच्या मोहल्ल्यात कोणाच्याही दारात असली जमीन नव्हती. लोक बघायला येत, असे अम्मी सांगतात. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई.

मी शाळेत शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांना निबंध लिहायला देते, पण स्वतः लिहायचे म्हटले की हात अडखळतो, कारण या लेखात मला माझी एक चूक सांगायची आहे. चूक मोठी नव्हती. बोटभर उंचीची होती. पण तिने एका म्हाताऱ्या माणसाचे मनगट मोडले.

कोकणातला पाऊस वाचकांना सांगायला नको. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. जुन्या घरांच्या जोत्यात जूनपासून ओल चढू लागते आणि जमिनीला घाम सुटतो. कोबा उघडा असला तर ती ओल वर येऊन हवेत तरी जाते. त्यावर व्हिनाइल अंथरले की तिला वाट उरत नाही. ती खालीच कोंडते, सोल्युशन सोडवते, काळी बुरशी धरते. त्यातच व्हिनाइल म्हणजे शेवटी प्लास्टिक. नवे असताना ते मऊ असते, कारण त्यात मऊपणा टिकवणारी द्रव्ये घातलेली असतात. वर्षे गेली की ती उडून जातात, मग ते कडक होते, आखडते आणि कडेने वर वळते. आमच्या दारातही तेच झाले. उंबऱ्याच्या आतल्या बाजूची कड तीन-चार वर्षांपासून उचलली जात होती. प्रत्येक पावसाळ्यानंतर थोडी जास्त.

हे सगळे शास्त्र मला नंतर कळले. पण कड उचलली आहे हे कळायला शास्त्र लागत नाही. ती मला रोज दिसत होती. 2023 च्या रमजानमध्ये इफ्तारला पाहुणे येणार होते, तेव्हा मी काय केले? खोकी बांधायची रुंद चिकटपट्टी आणली, कडेवर लावली, आणि ती दिसू नये म्हणून वर नवे पायपुसणे टाकले. दार छान दिसू लागले. मनात म्हटले, ईद झाली की बघू. ईद झाली. मग परीक्षा आल्या, मग निकालाची कामे, मग लग्नसराई. जून उजाडला.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, अस्रच्या वेळी, अम्मी ओट्याच्या कडेच्या नळावर वजू करून आत आल्या. पाय ओले होते. चिकटपट्टी ओलीने केव्हाच सुटली होती. पायपुसण्याखालची कड त्यांना दिसणे शक्यच नव्हते. अंगठा कडेत अडकला, पायपुसणे सरकले आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मी स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकून धावले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि डाव्या हाताने डोक्यावरची ओढणी सारखी करत होत्या. मनगट वाकडे दिसत होते.

अम्मींचे वय 76. डॉक्टरांनी हाड बसवून सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. "नशीब, खुब्याचं हाड वाचलं," असे ते म्हणाले. सहा आठवडे म्हणजे काय, ते ज्या घरात असे झाले आहे त्यांनाच कळेल. उजव्या हाताने जेवायची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याने घास भरवायचा. केस दुसऱ्याने विंचरायचे. वजूला मदत लागायची. आयुष्यभर दुसऱ्यांचे केलेल्या बाईला हे सगळे घ्यायला किती जड गेले, ते मी पाहत होते.

आणि जो यायचा त्याला त्या सांगत, "चूक माझीच. पाय पुसून आत यायला हवं होतं. म्हातारपणी घाई करू नये."

मी जवळच चहाचा कप घेऊन उभी असे. ऐकत असे. आणि गप्प बसत असे.

वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी वर्गात मुलांना सांगते, केळीची साल रस्त्यात दिसली तर उचला. पण ती वस्तू माझ्याच उंबऱ्याच्या आत होती, आणि मी ती बाजूला करण्याऐवजी तिच्यावर पायपुसणे घातले होते. हे मी कोणालाच सांगितले नाही. मुलांच्या अब्बांनाही नाही.

पावसात फरशीचे काम होत नाही. उखडलेला भाग कापून काढला, उघड्या कोब्यावर गोणपाट टाकले आणि दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहू लागलो. मधल्या काळात सल्ले पुष्कळ आले. एका भाबींनी सांगितले, "नवीन व्हिनाइल आण, आता फार छान डिझाइन येतात. हजार-दीड हजारात काम होतं, एका दुपारचं." मुलांचे अब्बाही म्हणाले, तसेच करू. घरात खर्च कमी नव्हते. मुलीची बारावी होती, क्लासची फी भरायची होती.

मी मिस्त्रींना बोलावले. ते शेजारच्या वाडीतले, साठीच्या पुढचे. अम्मींना ते चाची म्हणतात. त्यांनी गोणपाट उचलले, हाताने कोबा चाचपला, मग बाहेर जाऊन घराभोवती फेरी मारली. परत येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचं दुखणं आत नाही, बाहेर आहे."

ते खरे होते. कौलांवरचे पाणी पन्हळीतून नेमके दाराच्या बाजूच्या भिंतीपाशी पडत होते. वर्षानुवर्षे अंगणात माती टाकून टाकून अंगण जोत्याच्या वरच्या थरापर्यंत आले होते. म्हणजे पावसाळाभर जोते चिखलात उभे. मिस्त्री म्हणाले, "वर व्हिनाइल घाला नाहीतर संगमरवर घाला, खालची ओल तशीच राहणार. नुसत्या कोब्यावर टाइल लावून देतो, मला काय, दोन दिवसांचं काम. पण तीन पावसाळ्यांनी ढब ढब वाजायला लागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल."

त्यांनी सांगितलेला मार्ग असा होता. आधी भिंतीलगतची माती काढायची, अंगण जोत्याच्या खाली न्यायचे, पन्हळीच्या पाण्याला सिमेंटचे गटार करून ते लांब सोडायचे. मग आतला कोबा फोडायचा. खाली दगड-खडी दाबून बसवायची, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर काँक्रीटचा थर. त्याला आठ दिवस पाणी मारायचे. आणि मग टाइल.

हिशोब सोळा हजारांच्या घरात गेला. त्यातल्या टाइल्स जेमतेम तीन हजारांच्या होत्या. बाकी सगळा पैसा जे दिसणार नाही त्यावर जाणार होता. माती, खडी, काँक्रीट, गटार. मुलांच्या अब्बांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "तीन हजारांच्या फरशीसाठी तेरा हजार जमिनीत पुरायचे?"

मी म्हटले, "हो. मी शिलकीतून देते."

एवढ्या ठामपणे मी घरात फार क्वचित बोलते. ते माझ्याकडे बघत राहिले. कारण त्यांना ठाऊक नव्हते.

टाइल घ्यायला खेडला गेलो. दुकानदाराने आधी गुळगुळीत, चकचकीत नमुने दाखवले. दिसायला सुरेख, पण ते भिंतीचे होते. वाचक भगिनींनी हे लक्षात ठेवावे, भिंतीची टाइल आणि जमिनीची टाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंतीची टाइल पातळ असते, वरची झिलई गुळगुळीत असते. जमिनीवर ती लावली तर झिजते, तडकते आणि ओल्या पायाला बर्फासारखी निसरते. दारासाठी खरबरीत पाठीची नव्हे, खरबरीत पोटाची टाइल हवी, म्हणजे जिथे आपला पाय पडतो ती बाजू खरबरीत हवी. दुकानात 'अँटी-स्किड' म्हणून मागितली की मिळते. मी चप्पल काढली, टाइलवर बाटलीतले पाणी ओतले आणि अनवाणी पाय घासून पाहिला. दुकानदार हसला. म्हणाला, "असं कोणी बघत नाही, मॅडम." मी म्हटले, "पडल्यावर बघण्यापेक्षा बरं."

आम्ही 300 मिलिमीटर चौरसाची साधी सिरॅमिक टाइल घेतली, मातकट रंगाची. गुजरातेतल्या मोरबीची, जिथून आपल्या देशातल्या बहुतेक घरांत टाइल येते. मिस्त्रींनी बजावून पाठवले होते की खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, ते पाहून घ्या. नाहीतर निम्म्या फरशीचा रंग वेगळा दिसतो आणि ते लावल्यावरच कळते.

किती टाइल्स लागतील, याची एक गंमत सांगते. गणिताचे सर रजेवर होते, सातवीचा तास मला मिळाला. मी फळ्यावर आमचे दार काढले. सहा फूट, नऊ फूट. एका मुलाने लगेच सांगितले, "54." मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, 300 मिलिमीटर म्हणजे पूर्ण फूट नाही. फूट 304.8 चा असतो. 54 कमी पडतील." मुलीचे बरोबर होते. मी ते गणित घरी मिस्त्रींना घातले. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण तिने सांधा धरला नाही. दोन टाइल्समध्ये तीन मिलिमीटर फट सोडायची असते. आणि कडेला जी बोटभर जागा उरते ती स्कर्टिंगच्या पट्टीखाली जाते. 54 च बसतील." मग कडेच्या पट्टीसाठी आठ, तुटफुटीसाठी सहा, म्हणजे 68. एका खोक्यात दहा, म्हणून सात खोकी. दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोघांनाही शाबासकी दिली.

प्रत्यक्षात मिस्त्रींनी गुण्या लावला तेव्हा कळले की आमची भिंतच काटकोनात नाही. एका टोकाला पाऊण इंचाचा फरक. ती रुंद फट त्यांनी दारामागे नेली, जिथे कोणाची नजर जात नाही. पण त्याआधी मला सांगितले, "फट इथे आहे बरं का, बाई. लपवतोय, पण सांगून लपवतोय." ते शब्द मला टोचले. त्यांना कारण माहीत नव्हते.

काम सुरू झाले त्या सकाळी अम्मी खुर्ची घेऊन माजघराच्या दारात येऊन बसल्या. प्लास्टर निघून तीन महिने झाले होते, पण मनगट जरा वाकडेच राहिले होते आणि मूठ पूर्ण वळत नव्हती. मिस्त्री आणि त्यांचा मदतनीस व्हिनाइलची कड धरून ओढू लागले. कुठे ते सहज सुटत होते, कुठे सोल्युशन घट्ट धरून होते आणि तुकडे निघत होते. खाली कोबा काळा पडला होता. कुबट वास घरभर पसरला.

"जरा सांभाळून रे," अम्मी म्हणाल्या. मिस्त्री थांबले. "चाची, हे आता टाकायचंच आहे ना?"

"हो. पण सांभाळून."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला वाटले, मरहूम अब्बांची आठवण म्हणून त्या हळव्या झाल्या असतील. होत्याच. पण त्या हळू आवाजात जे बोलल्या ते मला वीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

"तुझे सासरे कुवेतला काय काम करायचे, माहीत आहे तुला?"

मी म्हटले, "हॉस्पिटलमध्ये होते." सगळे गाव हेच सांगते. कोणी म्हणे कंपाउंडर होते, कोणी म्हणे स्टोअरमध्ये होते.

"हॉस्पिटलमध्येच होते. जमीन पुसायचे. हीच जमीन." त्यांनी उलगडलेल्या व्हिनाइलकडे बोट केले. "लांबच लांब व्हरांडे. सगळीकडे हेच अंथरलेलं. सकाळी चारला उठून पुसायचे आणि रात्री मशीन फिरवून चमकवायचे. 84 ला गेले. 90 ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा लाखभर लोकांबरोबर अम्मानवरून परत आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. 92 ला पुन्हा गेले, पुन्हा तेच काम. मला पत्रात लिहायचे, कोणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

मिस्त्रींचा हात चालू होता, पण ते ऐकत होते हे मला दिसत होते.

"परत आले तेव्हा म्हणाले, इतकी वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवरून उलट्या पावलांनी चाललो, पुसत पुसत. आता ही माझ्या दारात अंथरणार आणि तिच्यावरून सरळ आत चालत जाणार."

तेव्हा मला एक गोष्ट कळली. अम्मी दारातली जागा कधी मोलकरणीला पुसू देत नसत, मलाही नाही. त्या लांब दांडीच्या फडक्याने, उभ्यानेच, मागे मागे जात, आठचा आकडा काढत पुसत. एक वळण डावीकडे, एक उजवीकडे. मला ती त्यांची जुनी सवय वाटे, थोडी विक्षिप्त. ती सासऱ्यांनी शिकवलेली होती. हॉस्पिटलांत तसेच पुसतात, म्हणजे पुसलेल्या जागेवर पुन्हा पाय पडत नाही आणि घाण फडक्याच्या पुढे गोळा होत जाते.

त्या क्षणी माझ्याने राहवले नाही. मिस्त्री खोरे आणायला बाहेर गेले होते. मी म्हटले, "अम्मी, तुम्ही माझी चूक, माझी चूक म्हणत होता ना. ती चूक माझी होती. कड उचललेली मला दिसत होती. मी तिला चिकटपट्टी लावली आणि वर पायपुसणं टाकलं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. तुम्हाला ती दिसणारच नव्हती."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. डाव्या हाताने उजवे मनगट चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पायपुसण्याखाली कड आहे हे मला माहीत होतं, बेटी."

"माहीत होतं?"

"मी रोज पुसते ती जागा. तुझ्याआधी दोन वर्षं मीच ती पायाने दाबत होते. बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, काढून टाका. आणि मला ती काढायची नव्हती." मग थोडे हसून म्हणाल्या, "त्या दिवशी अस्रला उशीर झाला होता, लक्ष राहिलं नाही. बस, एवढंच."

म्हणजे एकाच कडेवर आम्ही दोघींनी पांघरूण घातले होते. मी लोक काय म्हणतील म्हणून, त्यांनी आठवण जाईल म्हणून. एका घरात राहून, एका ताटात जेवून, आम्ही एकमेकींना ती बोटभर गोष्ट सांगितली नाही. कोणीही एकीने सांगितले असते तर मनगट वाचले असते.

संध्याकाळी मी मुलांच्या अब्बांनाही सगळे सांगितले. माझी चिकटपट्टीही सांगितली आणि अम्मींच्या परवानगीने त्यांच्या वडिलांचे कामही. ते ओट्यावर जाऊन बसून राहिले. नंतर म्हणाले, "मी लहानपणी वर्गात सांगायचो, माझे अब्बा डॉक्टरांच्या हाताखाली आहेत." मग म्हणाले, "त्या पगारावर मी शिकलो." सोळा हजारांविषयी ते पुन्हा बोलले नाहीत.

पुढचे काम जसे ठरले तसे झाले. दोन दिवसांत कोबा निघाला, खडी बसली, काँक्रीट पडले. मग आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. तेवढे दिवस सगळ्यांची ये-जा मागच्या दाराने, म्हणजे थेट स्वयंपाकघरातून. पाहुण्यांना आमची न घासलेली भांडी दिसली. कोणाचे काही बिघडले नाही.

टाइल बसवण्याच्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्या टाइल्स आधी पाण्याच्या टाकीत बुडवल्या. सिरॅमिकची पाठ सच्छिद्र असते. कोरडी लावली तर ती मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंट घट्ट धरत नाही. मग ओळंबा नको पण पाणसळ हवी, असे म्हणत त्यांनी दोरी ताणली आणि दाराकडे अगदी थोडा ढाळ ठेवला, म्हणजे छत्रीचे पाणी आत न येता बाहेर जाईल. एकेक टाइल ठेवायची, रबरी हातोडीने ठोकायची, फटीत प्लास्टिकचा स्पेसर लावायचा. नवी जमीन जुन्या कोब्याच्या उंचीलाच ठेवली, त्यामुळे आत माजघराकडे जाताना पायरी आली नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवले होते. अर्ध्या इंचाची पायरीही म्हाताऱ्या पायाला पुरते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून पाहिली. भरीव आवाज आला की पुढची. दोन टाइल्स पोकळ वाजल्या. मला तर फरक कळलाही नाही. मदतनीस म्हणाला, "चालेल, कोपऱ्यातच आहेत." मिस्त्रींनी दोन्ही उचकटल्या, खालचा माल खरवडला आणि नव्या बसवल्या. "कोपऱ्यातली आज वाजते, उद्या शेजारचीला घेऊन उठते," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी सांधे भरले. पांढरे सिमेंट दारात लवकर काळे पडते, म्हणून टाइलच्या रंगाचे ग्राउट वापरले.

व्हिनाइलचा मधला तुकडा बराच धड निघाला होता. अम्मींनी तो धुऊन, वाळवून, कापून कोठीतल्या फळ्यांवर घातला. आता त्यावर डाळी-तांदळाचे डबे उभे आहेत. "तिथे कोणाचा पाय अडकणार नाही," त्या म्हणाल्या. तुटफुटीसाठी आणलेल्यांपैकी उरलेल्या चार टाइल्स मी पलंगाखाली ठेवल्या आहेत. पुढे कधी एखादी तडकली तर त्याच रंगाची मिळायची नाही.

आता एक पावसाळा गेला आहे. गटारातून पाणी लांब जाते. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग पहिल्यांदाच कोरडा राहिला. कुबट वास गेला. दारात आता पायपुसणे आहे ते रबरी पाठीचे, आणि मी ते रोज उचलून खाली बघते. खाली काहीही नसते, तरी बघते.

आमच्याकडे कुणी आले आणि सासऱ्यांचा विषय निघाला, तर अम्मी आता सरळ सांगतात, "कुवेतच्या हॉस्पिटलमध्ये जमीन पुसायचे. सोळा वर्षं पुसली." पहिल्यांदा ऐकणारा जरा गोंधळतो. मग बहुतेक वेळा म्हणतो, माझे मामूही तिकडे बसमध्ये झाडू मारायचे, किंवा माझे अब्बाही तिकडे भांडी घासायचे. असे किती घरांत किती जणांनी काय काय पांघरून ठेवले आहे, देव जाणे.

वाचक भगिनींना आणि बंधूंना माझी विनंती एवढीच आहे. आज रात्री घरातले सगळे झोपायच्या आधी आपल्या दारात एकदा अनवाणी पायाने चालून पाहा. उचललेली कड, सरकणारे पायपुसणे, हलणारी फरशी, निसरडी पायरी पायाला लागली तर ती त्याच वेळी घरात सगळ्यांना सांगा. दुरुस्तीला पैसे लागतील, सुट्टी लागेल, पावसाळा संपेपर्यंत थांबावेही लागेल. सांगायला काहीच लागत नाही. तोवर तिथे एखादी खुर्ची आडवी ठेवा, पण तिच्यावर पायपुसणे घालू नका.

अम्मींचे मनगट आता थोडेसे वळते. पिळायची बादली मी उचलून देते, फडके त्या स्वतः घेतात. टाइलच्या सांध्यांवर फडके अडते अशी त्यांची तक्रार आहे. तरीही मागे मागे जात, डावीकडे एक वळण, उजवीकडे एक वळण, त्या रोज सकाळी आमचे दार पुसतात.